बाजारातले नेसणे : गणपत गल्ली, शहापूर आणि आपले कपाट

गेल्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आपण 'पारंपरिक पेहराव' असे ठरवले होते. हॉलमध्ये पाऊल टाकले तर निम्म्या जणी खणाच्या साडीत. छान वाटले. वाण घेताना जवळून पाहिले तेव्हा लक्षात आले की त्यातल्या बऱ्याच साड्यांवर खणाची नक्षी विणलेली नव्हती, छापलेली होती. एका भगिनीची कॉलेजात जाणारी मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारले, "काकू, खण म्हणजे डिझाइनचं नाव ना?" मी नाही म्हटले आणि सांगायला लागले, तेवढ्यात तिळगूळ आला, उखाणे सुरू झाले आणि विषय राहिला. तो राहिलेला भाग इथे लिहिते आहे. थोडा लांबला आहे, पण दिवाळीच्या खरेदीला निघण्याआधी वाचलात तर उपयोगी पडेल.

'लोकल मार्केट लूक', 'बाजार स्टाइल' असे शब्द हल्ली मुलींच्या फोनवर दिसतात. बाजारातल्या माणसांच्या कपड्यांवरून फॅशन काढायची, अशी ती कल्पना. यात वाईट काही नाही. आपण बेळगावकर तर त्या बाबतीत श्रीमंतच आहोत. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ आणि रेल्वेच्या पलीकडचे शहापूर एवढ्या टापूत या पेहरावाचे सगळे सामान मिळते आणि तो रोज अंगावर घालणारी माणसेही तिथेच भेटतात. पण बाजाराचा पेहराव नुसता डोळ्यांनी उचलला तर हाती छापील साडी येते. तो तसा का झाला हे समजले, तर चार वस्तूंत आपले आपल्याला जमते आणि पैसेही वाचतात.

भाजीच्या पाटीमागचे लुगडे

सकाळी गणपत गल्लीत येळ्ळूर, कडोली, काकतीकडच्या बायका भाजी घेऊन बसलेल्या असतात. तरुणींच्या अंगावर आता सिंथेटिक सहावारी किंवा नायटीवर टॉवेल दिसतो. पण साठीच्या पुढची एखादी आजी अजून नऊवारी इरकलमध्ये असते. गडद हिरवे किंवा जांभळट लुगडे, लाल रुंद काठ, लाल पदरावर पांढरे पट्टे, अंगात वेगळ्याच रंगाच्या खणाची चोळी, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत आणि जमली असेल तर बोरमाळ.

या पेहरावात शोभेसाठी म्हणून वेगळे काही केलेले नाही. अंगाचा रंग गडद आहे, कारण मातीचा आणि मेथीच्या चिखलाचा डाग गडदावर दिसत नाही. काठ रुंद आणि घट्ट विणीचा आहे, कारण लुगडे आधी खालून विरते, टाचेला आणि जमिनीला घासून. लुगड्याचे अंग सुती, म्हणजे घाम टिपणारे, आणि पदर रेशमी. लोकांची नजर जाते ती खांद्यावरच्या पदराकडे, आणि मिऱ्यांत काय आहे ते कोण बघतो? पैसा जिथे दिसतो तिथे घालायचा आणि जिथे झिजतो तिथे टिकाऊ कापड वापरायचे. फॅशनच्या वर्गात हे शिकवायला किती दिवस लावतात कोण जाणे.

ओचा आणि पदर हे दोन्ही त्या आजीच्या कामाचे असतात. पदराच्या टोकाला सुट्टे पैसे बांधलेले, नोटा कनवटीला, आणि घाईच्या वेळी ओच्यात लिंबेसुद्धा. पूर्वी कमरेला चंची असे. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांसाठी वेगवेगळे कप्पे असलेली आणि गुंडाळून दोरीने बांधायची कापडी पिशवी. आजच्या मुली कमरेला लावतात ती छोटी बॅग आणि ही चंची यांत मला फार फरक दिसत नाही. खणाच्या उरलेल्या तुकड्याची चंची शिवून पाहा. मोबाइल मावेल एवढी केली की झाले.

इरकलचा पदर कुठे जोडतात

इरकल हे नाव बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून आले. आपल्याकडे ते इरकल झाले आणि घरोघरी इतके रुळले की अनेकांना ते मराठी गावाचे नाव वाटते. या लुगड्याचे खरे वैशिष्ट्य रंगात किंवा काठात नाही, ते पदराच्या जोडात आहे.

साधारण साडीत उभा धागा, म्हणजे ताणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच असतो. पदर वेगळा दिसायचा तर आडवा धागा, म्हणजे बाणा, बदलतात. इरकलमध्ये ताणाच बदलतो. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा रेशमी किंवा कृत्रिम रेशमी. हे दोन ताणे मागावर चढवताना एकेका धाग्याचा फास दुसऱ्याच्या फासात अडकवून जोडतात. या जोडाला कोंडी म्हणतात. त्यामुळे विणकराला एका लांब ताण्यावर दहा साड्या सलग विणता येत नाहीत. प्रत्येक लुगड्यासाठी ताणा वेगळा तयार करावा लागतो, प्रत्येक वेळी जोड द्यावा लागतो. त्या लुगड्याची किंमत बरीचशी या कोंडीत असते.

म्हणून दुकानात इरकल बघताना आधी अंग सुरू होते आणि पदर संपतो तिथली रेघ शोधा. उलट्या बाजूने पाहा, बोट फिरवा. खऱ्या इरकलमध्ये तिथे आडवी, किंचित खरबरीत रेघ लागते आणि उभ्या धाग्याचा रंग त्या रेघेवर एकदम बदलतो. सलग विणलेल्या नकलेत उभे धागे तेच पुढे जातात आणि फक्त आडवा रंग बदललेला असतो. छापील असेल तर प्रश्नच नाही, उलट्या बाजूला रंग फिका पडलेला दिसेल.

पदर लाल, त्यात पांढऱ्याचे पट्टे. आपण त्याला टोपपदर म्हणतो, कानडीत टोप तेणी. त्या पट्ट्यांच्या टोकांना जे आकार असतात ते नीट पाहिले तर फणी, किल्ल्याचा तट, जोंधळ्याचे कणीस, डोंगरांची रांग असे ओळखता येतात. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाने पदरावर कणीस विणावे यात नवल नाही. मला मात्र ते कळायला पन्नाशी उलटावी लागली. आईच्या ट्रंकेतले लुगडे चाळीस वर्षे हाताळले, पण ते कणीस आहे हे कुणी सांगितले नव्हते.

आता हे नेसायचे कसे? इरकल सहावारीतही मिळते आणि ते कुणालाही नेसता येते. एकच सांगेन, पदर उघडा राहू द्या. बारीक चुण्या करून खांद्यावर पिनेने पट्टी बसवली की टोपपदर घडीत हरवतो आणि तुम्ही ज्याचे पैसे दिले तेच दिसेनासे होते. एकेरी सोडा किंवा मोठ्या दोन-तीन घड्या घाला. ऑफिसला जायचे तर पुढून घेऊन कमरेला खोचा, बाजारातल्या बायका तेच करतात.

रंग कुठून आले

साडीच्या दुकानात हल्ली विक्रेता मुलगा 'वाइन', 'पीच', 'मिंट' आणि 'ओनियन पिंक' म्हणतो. हे शेवटचे ऐकून मला हसू आले, कारण कांद्याच्या सालीचा रंग आपल्याकडे त्याच नावाने चालत आला आहे. आपल्या रंगांची नावे पाहा. डाळिंबी, अंजिरी, वांगी, जांभळा, आमसुली, बदामी, केशरी, अबोली, पोपटी, मोरपंखी, शेवाळी, विटकरी. अर्धी नावे भाजी-फळांच्या आणि किराणाच्या दुकानातली, उरलेली पक्ष्यांची आणि भिंतींची. तपकिरी हा शब्द तपकिरीवरून आला, आणि तंबाखूची मोठी पेठ असलेली निपाणी आपल्याच जिल्ह्यात आहे. अबोली तर गणपत गल्लीच्या फुलवाल्यांकडे हातावर मोजून मिळते, रंग आणि फूल शेजारी धरून बघता येते.

रंग कसे जुळवायचे हेही त्याच गल्लीत शिकायला मिळते. भाजीवाली ढीग रचते तेव्हा टोमॅटोला गाजर खेटून ठेवत नाही, मध्ये कोथिंबीर किंवा मेथी येते. वांग्याचा जांभळा खुलतो तो त्याच्या हिरव्या देठामुळे. इरकल आणि खण यांचे नाते हेच आहे. लुगड्याच्याच रंगाचा ब्लाउज हा अलीकडचा 'मॅचिंग सेंटर'चा संस्कार. जुन्या बायका हिरव्या लुगड्यावर जांभळा किंवा लाल खण घालत, डाळिंबीवर मोरपंखी, काळ्या चंद्रकळेवर पिवळा किंवा हिरवा. दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट लागते, लाल काठ. लुगड्याचा काठ आणि खणाचा काठ एकमेकांना ओळख देत असले की मधले रंग कितीही भांडोत.

एक सल्ला मी मुलींना नेहमी देते. ऑनलाइन चित्र बघून ब्लाउज ठरवू नका. साडी पिशवीत घालून खडेबाजारात जा, आणि दुकानाच्या पायरीवर, उन्हात, तिच्यावर तीन-चार खण टाकून बघा. ट्यूबलाइटखाली वांगी रंग काळा दिसतो आणि अंजिरी चॉकलेटी. दुकानदार कुरकुरत नाहीत, उलट खणांचा ढीगच पुढ्यात टाकतात. "बघा की, बघायला काय पैसे पडतात व्हय?"

खण म्हणजे काय

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. खण हे नक्षीचे नाव नाही, मापाचे आहे. एका चोळीला पुरेल एवढा कापडाचा तुकडा म्हणजे एक खण. अरुंद पन्ह्याचे, दोन्ही कडांना काठ असलेले हे कापड चोळीसाठीच विणले जाई. बेतताना काठ बाहीच्या टोकाला यावा असेच ते धरायचे. त्यामुळे बाहीला वेगळी पट्टी लावावी लागत नसे आणि चोळी संपली की कापडही जवळजवळ संपलेले असे. कात्रीखाली वाया काही जायचे नाही. दुकानात त्यांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक रचलेल्या असत, आणि ओटीच्या ताटात नारळाशेजारी ती त्रिकोणी घडी अजून असते.

हे कापड विणण्याचे मोठे ठिकाण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलेच गुळेदगुड्ड. गंमत अशी की ते विणले जाते कानडी मुलखात, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बाई. भाषेवरून आपल्या भागात जे काही व्हायचे ते होत राहिले, खणाचा व्यापार मात्र दोन्ही बाजूंनी चालू राहिला. अंगभर बारीक नक्षी, उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग वेगळे असल्यामुळे हलवले की बदलणारी झळाळी, आणि उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे. ओळखायचे असेल तर हे सुटे धागेच बघा. विणलेल्या नक्षीला उलटी बाजू असते, छापलेल्या नक्षीला नसते. या एका वाक्यावर तुम्ही बाजारात निम्मी फसवणूक टाळू शकाल.

मग खणाची साडी? जुन्या अर्थाने असे काही नव्हते, कारण त्या अरुंद कापडाची साडी होत नाही. गेल्या काही वर्षांत खणाच्या नक्षीचे कापड साडीच्या पन्ह्यात विणू लागले आणि गणपतीत, दिवाळीत त्याची लाट आली. यातल्या बहुतेक साड्या यंत्रमागावरच्या असतात. आता यंत्रमाग म्हटले की नाक मुरडणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. त्यांना मी एकदा वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून चालवत नेणार आहे. तिथे पूर्वी हातमाग होते, आज बहुतेक घरांतून यंत्रमागाचाच खडखडाट ऐकू येतो. खाली माग, वर किंवा मागे संसार. सूत महाग झाले की त्या घराची काटकसर सुरू होते, आणि बाहेरून छापील माल स्वस्तात येऊन पडला की माग बंद राहतो. यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून विकणे ही लबाडी आहे. पण यंत्रमागाचे म्हणून घेतलेले विणीचे कापड खोटे नाही, ते आपल्या शेजाऱ्याच्या हाताचेच आहे. छापील कापडावर 'खण' लिहिणे मात्र मला सरळ खोटे वाटते.

म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. विणलेले आहे की छापलेले? हातमाग की यंत्रमाग? आणि कुठले? हातमाग म्हणून सांगितले तर हँडलूम मार्क बघावा. उत्तर आले नाही तरी चालेल, पण गिऱ्हाईक विचारते आहे एवढे दुकानदाराला कळले तरी पुढच्या खेपेला तो स्वतः चौकशी करून माल भरतो. हे मी पाहिले आहे.

शहापूरचा उल्लेख इथेच करायला हवा. आज ते बेळगावचा भाग आहे, पण 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होते. रेल्वे ओलांडली की राज्य बदलायचे. संस्थानी पेठ म्हणून शहापूरला स्वतःचा खडेबाजार, स्वतःची सराफ गल्ली आणि आसपास विणकरांची वस्ती. शहापुरी लुगडे हे नाव देशावरही ओळखीचे होते. आमच्या लहानपणी लग्नाचा बस्ता बांधायला खानापूर, चंदगडकडची मंडळी शहापुरात मुक्कामाला येत. एक दिवस लुगड्यांना, एक दिवस सोन्याला.

शिंप्याकडे जाण्याआधी

बाजाराचा पेहराव रोजच्या कपड्यांत आणायचा तर खणासारखे दुसरे कापड नाही, कारण थोडे लागते. सुती कुर्त्याला खणाची गळपट्टी, बाहीला फक्त काठ, पाठीवर एक चौकोन. मुलांच्या कुडत्यावर खणाचे जाकीट फार उठून दिसते. पुरुष मंडळींनीही घालावे, गांधी टोपी आणि नेहरू शर्टवर खणाचे जाकीट ही रविवार पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यालाही न झेपणारी ऐट होईल. छोट्या मुलीचे परकर-पोलके हा तर हक्काचाच प्रकार. त्यात पोलक्याला एक खण आणि परकराला आजीच्या लुगड्याचे अंग, काठासकट.

पण खणाचे काही हट्ट असतात. पन्हा अरुंद म्हणून मोठ्या मापाच्या ब्लाउजला एक खण पुरत नाही, आजकालची लांब बाही असेल तर नाहीच. दोन खण एकाच ताग्यातले घ्या, नाहीतर रंगात फरक येतो. रेशमी धाग्यामुळे शिवण सरकते. फार घट्ट शिवला तर बगलेजवळ कापड विरविरीत होऊन धागे सुटतात. म्हणून शिंप्याला आत माया भरपूर ठेवायला सांगा आणि अस्तर लावायलाच लावा. अस्तर आधी भिजवून वाळवलेले हवे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचा खण फुगतो. माझा एक डाळिंबी खण असाच गेला. शिंप्याने अस्तर न भिजवता घातले, आणि मी विचारले नव्हते.

इरकलचा लाल रंग सुटतो, हे लक्षात ठेवा. पहिली दोन-तीन धुणी थंड पाण्यात, एकट्याने, भिजत न ठेवता. सावलीत वाळवा. टोपपदराचे पांढरे एकदा गुलाबी झाले की परत पांढरे होत नाही.

जुन्या लुगड्यांचे काय करायचे, हे मला बरेच जण विचारतात. नऊवारी विरते ते बसण्याच्या जागी आणि घोट्याजवळ. पदर आणि वरचा काठ बहुधा धडच असतात. पदर कापून त्याला बारीक गोट घातला की सुती सलवार-कुर्त्यावर अशी ओढणी होते जी कोणत्याही बुटीकमध्ये मिळणार नाही. काठ उसवून कुर्त्याच्या घेराला लावता येतो. उरलेल्या अंगाची वाकळ. कानडीत तिला कौदी म्हणतात. लहान-मोठे तुकडे जोडून, सगळ्या अंगाला धावदोरा घालून शिवलेली. शहरातल्या दुकानांत 'पॅचवर्क जॅकेट' म्हणून जे टांगलेले असते त्याची ही आजी. आपल्या मंडळात वाकळ शिवणाऱ्या दोन-तीन ज्येष्ठ भगिनी आहेत, त्यांच्याकडून एक दुपार शिकून घ्यावी असे मनात आहे.

कशिद्याबद्दल थोडेसे. धारवाडकडची कसुती, म्हणजे धागे मोजून घातलेले टाके. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशी वृंदावन असे त्यातले आकार. टाके चार प्रकारचे: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यातले पहिले दोन असे की कापडाची सुलट-उलट सारखीच दिसते, गाठ दिसत नाही. काळ्या चंद्रकळेवरची कसुती ही नववधूची ठेव समजली जाई. आज मशीनवर केलेले भरतकाम कसुती म्हणून विकतात. तिथेही कापड उलटे करून बघायचे, मागे दोऱ्यांचे जाळे आणि चिकटवलेला कागद दिसला की समजायचे. आणि हाताची कसुती स्वस्त मागू नये. एका बाहीवर डोळे ताणून बसलेली बाई मी पाहिली आहे.

पायात काय

दागिन्यांवर मी लिहीत नाही, त्याला वेगळा लेख हवा आणि सोन्याच्या भावापुढे माझी लेखणी चालत नाही. काचेच्या बांगड्या मात्र कासाराकडून भरून घ्या. तो हाताची बोटे दाबून, फिरवून बांगडी चढवतो तेव्हा ती मनगटावर बसते. स्वतः चढवलेली सैल बांगडी इरकलवर खुळखुळत नाही, खडखडते.

चपलेबद्दल सांगायलाच हवे. कोल्हापुरी चप्पल हे नाव कोल्हापूरचे असले तरी ती घडवणारे हात आपल्या जिल्ह्यातही आहेत, अथणीला आहेत, निपाणीला आहेत. म्हणूनच तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून आहे. तिकडचे चार जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे चार बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. इरकल आणि कसुतीलाही असे मानांकन मिळालेले आहे.

2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये अगदी आपल्या कोल्हापुरीसारखी पायताणे दिसली आणि ती कुठून आली त्याचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटावरही आठवडाभर संताप चालू होता. त्या आठवड्यात मी गटातल्या सगळ्यांच्या पायांकडे बघत होते. मीही त्यात आले, माझ्या पायात रेक्झिनची होती, 'कोल्हापुरी टाइप'.

खरी घ्यायची तर थोडी घट्ट घ्या, चामडे पायाबरोबर सैलावते. झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे पाण्याला भिते, तेव्हा बेळगावच्या पावसाळ्यात ती कपाटात बरी. पहिले काही दिवस तेलाचा हात फिरवा, म्हणजे अंगठा सोलत नाही. आवाज करते म्हणून परत करू नका, त्या आवाजासाठी लोक मुद्दाम करवून घेत.

वाणात काय द्यायचे

शेवटी आपल्याच कार्यक्रमाचा विषय. ओटीत दिला जाणारा ब्लाउज पीस आता बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. तो कुणी शिवत नाही. माझ्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून वहिनींकडे, आणि दोन वर्षांनी तोच हिरवा तुकडा, त्याच घडीत, कुंकवाच्या त्याच डागासकट माझ्याच ओटीत परत. हे मी विनोदाने सांगत नाही, माझ्याकडे तो तुकडा आहे. शंभर जणींना शंभर तुकडे देण्यात जेवढा खर्च होतो, त्यात विणलेले खण कमी येतील हे खरे. पण पंचवीस जणींच्या गटात दर वर्षी पाळीने एक खरा खण द्यायचा ठरवले तर चार वर्षांत प्रत्येकीकडे शिवण्याजोगा एक तरी येईल. कार्यकारिणीपुढे मी हे मांडले आहे. काही जणींचे म्हणणे पडले की वाण सगळ्यांना एकाच दिवशी मिळाले पाहिजे, पाळी कसली? त्यांचेही चुकत नाही. पुढच्या सभेत ठरेल, तेव्हा या.

आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी? तिच्या आजीचे एक जांभळे इरकल घरी ट्रंकेत निघाले, मध्ये विरलेले. पदराची ओढणी झाली, काठ तिने स्वतः उसवला, अंगाचे तुकडे पिशवीत भरून माझ्याकडे आणून दिले आहेत. वाकळीला अजून पाच-सहा जुन्या लुगड्यांचे तुकडे लागतील. कुणाच्या ट्रंकेत असतील तर पुढच्या सभेला येताना घेऊन या.